शेवटचा तुकडा कुणी खात नाही

१

टोर्केल वेन्नबर्ग मेला सोमवारी दुपारी, आणि तो मेलाय हे ऑफिसच्या लक्षात आलं मंगळवारी दुपारी. बरं, माणूस काही तळघरात पडला नव्हता. भर कामाच्या वेळेत, ऑफिसातल्या शांत खोलीत, निळ्या कोचावर मांडीवर हात ठेवून नीट बसला होता. संध्याकाळी दिवे आपोआप विझले, सकाळी आपोआप लागले. मधल्या वेळात तिथं तिघं जण येऊन गेले. एकानं त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला. एकीनं त्याच्या अंगावर शाल घातली आणि दिवा मंद केला. विभागप्रमुखानं दार उघडून पाहिलं आणि हलकेच लावून घेतलं. तिघांचंही म्हणणं एकच, की डोळे मिटलेले होते, म्हटलं दमला असेल, कशाला उगीच त्रास द्यायचा.

हा स्वीडनमधल्या एल्वबाका नगरपालिकेचा आवाज-तक्रार विभाग. शेजाऱ्याचं बर्फ ढकलायचं यंत्र, चर्चची घंटा, वरच्या मजल्यावरचा पियानो, असल्या तक्रारी इथं येतात आणि लोणच्यासारख्या मुरत पडतात. आवाजाचं खातं म्हणून इथं आवाज करायचा नाही असा दंडक कुणी घातलेला नव्हता, पण खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे होते आणि शिंक आली तर माणसं जिन्यात जात.

मंगळवारी आगीचा सराव होता म्हणून टोर्केल सापडला. घंटा वाजली, सगळे खाली अंगणात नोव्हेंबरच्या पावसात उभे राहिले, मोजणी झाली, एक कमी भरला. कोण कमी आहे हे आठवायला बराच वेळ लागला.

तपासाला हेडविग ब्रोमान आली. जिल्हा पोलिसांत तिची हयात गेली होती. गेल्या वर्षी तिचा नवरा घर सोडून गेला, तो इतक्या समजूतदारपणे की बॅगा भरताना त्यानं तिची झोपसुद्धा मोडली नाही. तेव्हापासून हेडविगला फारसं काही वाटेनासंच झालं होतं. प्रेत पाहूनही वाटलं नाही. तिनं त्याच्या चष्म्याकडे पाहिलं, तो स्वच्छ पुसलेला होता, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

बुधवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. पोटात उंदीर मारायचं जुनं औषध होतं, केव्हाच बंदी आलेलं, आणि हिरव्या बदामी आवरणाचा केक होता. औषध त्या आवरणाखाली भरलेलं असणार.

हेडविगनं विभागातल्या उरलेल्या चौघांना पँट्रीत बोलावलं आणि सोमवारी टोर्केलला केक कुणी दिला असं विचारलं. कुणी बोट दाखवलं नाही. बोट दाखवणं बरं दिसत नाही. फक्त तिघांनी एकाच वेळी दानुताकडे बघायचं टाळलं.

२

दानुता व्हिल्चेक पोलंडहून आलेली, प्रोबेशनवरची नवी कारकून. महिनाअखेरीला तिचे सहा महिने भरत होते. नोकरी कायम झाली की घराचा करार तिच्या नावावर होणार होता आणि आजीपाशी एल्ब्लाँगला राहिलेली तिची नऊ वर्षांची हानिया इकडे येणार होती. शाळेत नाव घालून झालं होतं. मुलीच्या पलंगाची गादी आणूनही ठेवली होती. हे सगळं तिनं न विचारता सांगितलं, कारण त्या ऑफिसात ते तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नाही म्हणायला एक टोर्केल तेवढा विचारायचा, खाली मान घालून.

स्वीडनमध्ये पोलिसापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे चालतं. दानुताच्या जिभेला ते वळत नव्हतं. ती हेडविगला बाई म्हणत होती.

केक शुक्रवारचा होता, ऑफिसातल्या इंगमारीच्या पन्नाशीचा. सगळ्यांनी खाल्ला आणि एक तुकडा उरला. मग नेहमीचं सुरू झालं. एकानं त्यातला अर्धा घेतला, दुसरीनं उरलेल्याचा अर्धा, तिसऱ्यानं त्याचाही अर्धा, आणि शेवटी दोन बोटांचा तुकडा बशीत राहिला. तो कुणीच घेतला नाही. तो घेतला की माणूस हावरट ठरतो. या देशात शेवटचा तुकडा वाळून दगड होतो आणि मग कुणी बघत नाही असं पाहून कचऱ्यात जातो.

"सोमवारी कॉफीला बसलो तेव्हा बशी ओट्यावर होती," दानुता म्हणाली. "टोर्केल तिच्याकडे बघत होता, बाई. मी म्हटलं घे. तो नको म्हणाला. मी परत म्हटलं, परत नको म्हणाला. आमच्याकडे दोनदा नको म्हणतातच. तिसऱ्या वेळेला विचारायचं नसतं, वाढायचं असतं. मी हातातच दिला."

"मग?"

"मग खाल्ला. सगळे कपात बघत होते. आमचे विभागप्रमुख स्टाफान काहीतरी पुटपुटले, मला वाटलं कॉफी हवी, म्हणून मी ओतली. टोर्केल लाल झाला होता, पण खुशीत होता. नंतर पोटात कसंतरी होतंय म्हणून शांत खोलीत गेला." तिनं पदर नसलेल्या गळ्याशी हात नेला आणि खाली ठेवला. "माझ्या आग्रहानं खाल्लं हो त्यानं."

हेडविगनं बाहेर येऊन सरकारी वकिलाला फोन लावला. त्याला घाई होती. त्याचं म्हणणं साधं होतं आणि ऐकायला बिनतोडही. शेवटच्या तुकड्यात विष घालणारा माणूस इथला असूच शकत नाही. इथल्या कुणाला माणूस मारायचा असता तर त्यानं दुसऱ्या, तिसऱ्या, कुठल्याही तुकड्यात घातलं असतं, शेवटच्यात कधीच नाही, कारण तो कुणी खात नाही हे शेंबडं पोरही सांगेल. जिला हे ठाऊक नाही ती एकच बाई तिथं आहे, आणि तिनंच तो स्वतःच्या हातानं भरवला आहे. चार वाजता तिला ताब्यात घ्या, तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर हेडविगला जाणवलं की वकील अर्धा बरोबर आहे. चूक कुठल्या अर्ध्यात आहे, तेवढं तिला कळेना.

३

आधी इंगमारी. ऑफिसात एक बाई अशी असतेच जी जगाशी चिठ्ठ्यांमधून बोलते. पँट्रीत कपाटावर, नळावर, फ्रिजवर, कॉफीच्या यंत्रावर तिच्या चिठ्ठ्या होत्या. तुझी आई इथं कामाला नाही. चमचे मोजलेले आहेत. दूध कुणाचं ते दुधाला माहीत आहे. टोर्केलबद्दल बोलताना तिचा आवाज एकसारखा होता, पण शुक्रवारी केकच्या बशीवर तिनं लावलेली चिठ्ठी सोमवारी गायब होती हे सांगताना तिला भरून आलं.

"काय लिहिलं होतंस?"

"शुक्रवारचा केक, सोमवारी संपवा. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. कुणीतरी काढून टाकली. माझ्या चिठ्ठीला या विभागात आजवर कुणी हात लावलेला नाही."

टोर्केलवर तिचा राग होता का, असं हेडविगनं विचारलं. इंगमारी गोंधळली. ती दोन दशकं त्याच्या समोरच्या टेबलाशी बसत होती. राग यायला काहीतरी माहीत पाहिजे ना, असं म्हणाली. सोमवारी कॉफीच्या वेळी काय झालं ते तिनं दानुतासारखंच सांगितलं. फक्त एक भर घातली. दानुतानं तुकडा हातात दिला तेव्हा स्टाफान म्हणाला, त्याबाबतीत आपण थोडं थांबू या का. इंगमारीला वाटलं, बिचारा शिष्टाचार सांभाळतोय.

मग पोंटुस. हा दुसरा नमुना. कानांवर हेडफोन, पडद्यावर कायम मीटिंग, आणि ती मीटिंग नेमकी कुणाशी चाललेली असते ते त्याच्या साहेबालाही ठाऊक नाही. टोर्केलच्या शेजारी बसून डबा खाणारा तो हाच. त्याच्याशी बोललास का, असं विचारल्यावर पोंटुस म्हणाला की बोललो, जेवण झाल्यावर बोलून बरं वाटलं म्हणालो. टोर्केल छान ऐकून घेत होता, असंही म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला.

पण उंदराचं औषध म्हटल्याबरोबर पोंटुस ताठ झाला. पँट्रीत एक उंदीर होता. पोंटुस त्याला चीज घालायचा. नाव ठेवलं होतं, ओलाव्ह. ओलाव्हचं काय करायचं याचा विषय वसंतात दर बैठकीत निघत होता. इंगमारीला तो मेलेला हवा होता, पोंटुसला जिवंत पकडून रानात सोडायचा होता, टोर्केलला काहीही चाललं असतं. एकमत होईना. स्टाफानचं तत्त्व असं की सगळ्यांना सोबत घेतल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. शेवटी उंदरासाठी एक अभ्यासगट नेमला. गटाची बैठक दिवाळखोराच्या हप्त्यासारखी पुढं ढकलली जात होती.

"आणि उंदराच्या त्या जुन्या औषधाचा डबा कुठं असतो?"

"तळघरात, वरच्या फळीवर. सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे जुन्यांना. दानुता आली त्याआधीच हा विषय अभ्यासगटाकडे गेला, तिच्यासमोर निघालाच नाही." पोंटुस थांबला. "स्टाफान सोमवारी म्हणालाच की, थोडं थांबू या का. मला वाटलं ओलाव्हबद्दल म्हणतोय."

साडेतीन वाजले होते. बाहेर अंधार पडला होता. हेडविग एकटीच पँट्रीत जाऊन उभी राहिली आणि चिठ्ठ्या वाचत सुटली. कचऱ्याच्या डब्यावर, भिंतीलगत, एक चिठ्ठी इतरांपेक्षा नवी होती. तिचा कागद अजून पांढरा होता.

बश्या जमिनीवर ठेवू नयेत.

४

तिनं इंगमारीला हाक मारली, आणि ती मोठ्यानं मारली. दारादारांतून माना डोकावल्या.

होय, चिठ्ठी सोमवारची. सकाळी आली तेव्हा केकची बशी कचऱ्याच्या डब्यामागे जमिनीवर होती. बशीची जागा काय जमिनीवर असते? तिनं ती उचलून ओट्यावर ठेवली. मग फेकून का नाही दिलास, असं विचारल्यावर इंगमारी म्हणाली की केक सगळ्यांचा, फेकायचं मी एकटी कशी ठरवणार.

झालं. हेडविगला उरलेला अर्धा कळला. शेवटचा तुकडा कुणी खात नाही हे ज्याला ठाऊक नाही त्यानं विष घातलं, असं वकील म्हणत होता. खरं उलटं होतं. ज्याला ते पक्कं ठाऊक होतं त्यानंच त्यात घातलं. माणूस त्याला शिवणार नाही या भरवशावर बशी उंदरासाठी जमिनीवर ठेवली, आणि कुणाला उगीच बुद्धी होऊ नये म्हणून 'संपवा' म्हणणारी चिठ्ठी काढून टाकली.

मग कोण? दानुताला ना उंदीर ठाऊक ना डबा. पोंटुस ओलाव्हला मारणार नाही. इंगमारीनं मारला असता, आनंदानं मारला असता, पण विष ठेवून तिनं त्यावर चिठ्ठी लावली नाही हे होणं नाही. मेल्यावरसुद्धा ती शवपेटीवर चिठ्ठी लावेल. टोर्केलनं स्वतः ठेवलं असतं तर खाल्लं नसतं. चिठ्ठी लावणं ज्याला परवडणारं नव्हतं असा एकच माणूस उरत होता. विषाची चिठ्ठी म्हणजे निर्णयाची कबुली, आणि निर्णय तर झालेलाच नव्हता.

विभागप्रमुख स्टाफान लागेरबेकची खोली काचेची होती. दार कायम उघडं असे, कारण ते लावायचं की नाही यावर मतं वेगळी होती. हेडविगनं आत जाऊन ते लावलं. स्टाफान मऊ, देखणा माणूस. समोर बसलेल्याचं बोलणं तो असं ऐकायचा की आपलं म्हणणं मान्य झालं असं वाटावं. या खुर्चीवर बसल्यापासून त्यानं एकदाही हो किंवा नाही म्हटलेलं कुणाला आठवत नव्हतं.

तिनं सगळं क्रमानं सांगितलं. डबा, बशी, जमीन, चिठ्ठी. तो मान हलवत राहिला.

"तुझं विश्लेषण मला महत्त्वाचं वाटतं," तो म्हणाला.

"शुक्रवारी संध्याकाळी तू ठेवलंस."

स्टाफान काचेबाहेर बघत होता. बाहेर तिघंही आपापल्या पडद्याकडे बघत होते.

"तुला कल्पना नाही," तो अखेर म्हणाला. "वसंतापासून. एक उंदीर. रोज रात्री मला त्याच्या नखांचा आवाज यायचा, घरी सुद्धा. शुक्रवारी सगळे गेले आणि मला वाटलं, आयुष्यात एकदा, कुणालाही न विचारता, एक गोष्ट करून टाकावी. किती घालायचं ते कळेना. विचारणार कुणाला? अर्धा डबा घातला."

"आणि सोमवारी तुझ्या समोर तिनं तो त्याच्या हातात दिला."

"हो."

"तू बघत होतास."

"हो."

"खाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं."

"मी म्हणालो होतो," स्टाफान म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र बैठकीतलाच होता. "मी म्हणालो, त्याबाबतीत आपण थोडं थांबू या का. पण कुणी अनुमोदन दिलं नाही."

हेडविगनं खुर्ची मागे सरकवली. खुर्चीला लोकरीचे मोजे होते, आवाज झाला नाही. टोर्केल शांत खोलीत गेल्यावर तू दार उघडून पाहिलंस ना, असं तिनं विचारलं. पाहिलं, तो म्हणाला. श्वास चालू होता का? त्यावर स्टाफाननं बराच विचार केला आणि सांगितलं की त्या क्षणी दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं.

चार वाजता पोलिसांची गाडी आली. ती स्टाफानला घेऊन गेली.

५

वकिलानं सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं आणि दानुताचं नाव काढून टाकलं. हेडविगनं ते तिला स्वतः फोन करून सांगितलं. फोनवर दानुता आधी रडली आणि मग विचारत राहिली की हात तर माझाच होता ना, बाई. हात तुझा होता, विष त्याचं होतं, असं हेडविगनं सांगितलं. टोर्केलसाठी रडलेलं हे पहिलंच माणूस, हे तिच्या लक्षात आलं आणि छातीत कुठंतरी दुखलं. वर्षभरात तिला पहिल्यांदाच काहीतरी दुखलं होतं, त्याचं तिला बरंसुद्धा वाटलं.

शुक्रवारी जबाबांवर सह्या घ्यायला ती परत त्या ऑफिसात गेली. पँट्रीत कॉफी चालली होती. टोर्केलच्या टेबलावर कुणीतरी मेणबत्ती ठेवली होती, ती पेटवायला परवानगी लागते म्हणून तशीच होती. इंगमारी आणि पोंटुस दोघंही तिच्याशी गोड बोलले. इंगमारीनं सांगितलं की वातावरण आता पुष्कळ निवळलंय. सकाळीच विभागाची बैठक झाली, प्रमुख नसतानाही सुरळीत झाली, आणि पोंटुस म्हणाला की कित्येक वर्षांत प्रथमच एखाद्या विषयावर ताबडतोब एकमत झालं.

कुठला विषय, असं हेडविगनं विचारलं.

दानुताचा, इंगमारी म्हणाली. तिला कायम न करण्याचा. नगरपालिकेत विभागाच्या शिफारशीवरच ते ठरतं. तसा तिच्यावर कुणाचाच राग नाही, मुलगी कामाला चोख आहे. पण ती जरा पुढे पुढे करते. लोकांना आग्रह करते. त्यामुळं काय झालं ते आपण पाहिलंच.

हेडविगला राग आला. इतका आला की हातातला पेन तिनं ओट्यावर आपटला, आणि पँट्रीतल्या दोघांनीही आपापल्या कपात पाहिलं. उंदीर मारायला विष ठेवणारा एक, ते उचलून वर ठेवणारी एक, मेलेल्याशेजारी जेवणारा एक, आणि घालवायचं कुणाला, तर त्याला घे म्हणणारीला. हे ती बोलली. सगळं बोलली. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग पोंटुस म्हणाला की तुझी भावना आम्ही समजू शकतो.

दानुता खाली दारापाशी उभी होती. हातात एक खोका होता, त्यात तिचा मग आणि चपला. पाऊस नव्हता, पण तिनं टोपी कानावर ओढली होती.

हेडविग म्हणाली की कामगार संघटनेकडे जा, मी तुझ्याबरोबर येते, अशा ठरावाला आव्हान देता येईल. एकानं जरी विरोध केला असेल तर तेवढ्यावर उभं राहता येईल.

"कुणीच नाही केला, बाई."

"तू होतीस बैठकीत?"

"होते ना. विभागातलीच आहे की मी." दानुतानं खोका एका कुशीतून दुसऱ्या कुशीत घेतला. "मतदान झालं. त्या दोघांनी हात वर केले. मग माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे बघत नव्हते. ते कसं बघत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे."

"आणि?"

"मीही केला."

"स्वतःच्याच विरुद्ध?" हेडविगनं विचारलं.

"एकटीचाच हात खाली राहिला असता," दानुता म्हणाली. "ते बरं नसतं दिसलं."

मग तिनं खोका पायरीवर ठेवला, फोन काढला, आणि हानियाला काय सांगायचं ते हेडविगलाच विचारलं.